पेठच्या वाटेसाठी जुनी थार : एका फोर-बाय-फोर गाडीच्या खरेदीचे आणि दुरुस्तीचे प्रकरण

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही घरात दाजी म्हणतो, नाशिकला गंगापूर रोडवर राहतात आणि पेठ तालुक्यात करंजाळीच्या बाजूला त्यांची साडेचार एकरांची केशर आंब्याची बाग आहे. सावळघाट ओलांडेपर्यंत रस्ता उत्तम आहे. अडचण आहे ती डांबर संपल्यानंतरच्या साडेपाच किलोमीटरांची. नाशिक जिल्ह्याचा पूर्वेकडचा सिन्नर, येवला, नांदगाव हा भाग पर्जन्यछायेत येतो, तर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी हे तालुके पावसाचे आहेत, आणि बागेतली खड्डे भरण्याची, नवी कलमे लावण्याची, खते घालण्याची कामे नेमकी त्याच पावसात येतात. त्या चार महिन्यांत दाजी मोटारसायकल डांबरी रस्त्यावर ठेवून चालत जात, आणि सामान असले की गावातला ट्रॅक्टर फेरीला बाराशे रुपये देऊन ठरवत. २०२३ च्या पावसाळ्यात कलमांच्या दोन खेपा वेळेवर न पोहोचल्यामुळे सुकल्या, आणि त्यानंतर जुनी चारचाकी-चालनाची गाडी घ्यायची असे घरात ठरले.

मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या देखभाल विभागात २६ वर्षे काम केले आहे, म्हणून गाडी पाहण्याची, तपासण्याची आणि पुढच्या कामावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. खर्चाची वही ताईने ठेवली. त्या वहीच्या आणि माझ्या टिपणांच्या आधारे हे प्रकरण लिहीत आहे. अशी गाडी घेऊ पाहणारे बहुतेक जण बंपर, टायर आणि दिवे यांच्या याद्या घेऊन सुरुवात करतात, आणि आमच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्वाचे ठरलेले काम गाडीच्या पोटाखाली, कोणालाही न दिसणाऱ्या जागी झाले.

आधी वाट मोजली

गाडी पाहण्यापूर्वी आम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये, जमीन पुरती भिजलेली असताना, ती वाट पायी चालून मोजली. पहिले दोन किलोमीटर मुरूम आहे आणि त्यावरून साधी जीपही जाते. त्यानंतर भाताच्या खाचरांच्या कडेने सुमारे सातशे मीटर चिकण मातीचा पट्टा आहे, जो पावसात साबणासारखा होतो. पुढे दमणगंगेच्या खोऱ्यातला एक ओहोळ लागतो. त्यावरची फरशी अर्धी वाहून गेलेली आहे आणि एरवीच्या पावसात तिथे गुडघ्याच्या खाली, म्हणजे ३५ ते ४० सेंटिमीटर पाणी असते. ओहोळाच्या पलीकडे तीनशे मीटरांचा सुट्या दगडांचा चढ आहे. कारखान्यातले कोनमापक लावून पाहिले तेव्हा त्या चढाचा सर्वांत तीव्र भाग १६ अंशांचा निघाला, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना जवळजवळ २९ मीटर वर चढणे. चढाच्या मध्यावर एक आडवी नाळ आहे, जिच्यात गाडीचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी खाली जातात आणि उरलेली दोन चाके हलकी होतात. या नाळेने पुढे आम्हाला बरेच शिकवले.

या मोजणीवरून गरज स्पष्ट झाली : खालचा गिअर, म्हणजे ज्याला सगळे ‘फोर लो’ म्हणतात तो, असलेली ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वाटणारी पेटी, हवी, पोटाखाली मोकळी जागा बऱ्यापैकी हवी, अडीचशे-तीनशे किलो ओझे नेता यायला हवे, आणि ओहोळातून जाताना पाणी इंजिनापर्यंत पोहोचू नये. फार उंच गाडी, फार मोठी चाके किंवा अडकलेली गाडी दोराने ओढणारी विजेची विंच यांची आवश्यकता या वाटेवर कुठेच दिसली नाही.

निवड

जिप्सीचा विचार आम्ही बराच केला. सुमारे एक टन वजनाची ही गाडी चिखलात रुतत नाही, चारही चाकांवर पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आणि अखंड धुरे असल्यामुळे तिची रचना साधी आहे. परंतु तिचे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन ओझे घेऊन चढ चढताना बरेच फिरवावे लागते, आणि तिचे उत्पादन थांबल्यानंतर चांगल्या स्थितीतल्या गाड्यांचे भाव हौशी लोकांनी वर नेलेले आहेत. एमएम ५४० आणि एमएम ५५० या जुन्या जीप दाजींना मनापासून आवडत होत्या. त्यांपैकी आम्ही पाहिलेल्या सर्व गाड्या पंधरा वर्षांपलीकडच्या होत्या, म्हणजे फेरनोंदणी, पासिंग आणि पर्यावरण कर हे सर्व पहिल्याच वर्षी दारात आले असते. नवी थार अंदाजपत्रकाच्या दुप्पट पडत होती.

शेवटी २०१० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या पिढीच्या महिंद्र थारचे सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) मॉडेल ठरले. २४९८ सीसीचे डिझेल इंजिन, १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि ट्रान्सफर केसमधला २.४८ पटींचा खालचा गिअर, ही तिची बलस्थाने या वाटेशी जुळत होती. शिवाय हे नाशिक आहे. स्कॉर्पिओ आणि बोलेरो याच शहरातल्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या आहेत, सातपूर-अंबडच्या लहान-मोठ्या वर्कशॉपांनी वर्षानुवर्षे त्यांचे सुटे भाग घडवले आहेत, आणि या घराण्याच्या गाड्यांची नस ओळखणारे मिस्त्री इथे हाकेच्या अंतरावर भेटतात. अकरा वर्षांची गाडी घेताना भाग मिळणे आणि हात मिळणे याला मी इंजिनाच्या ताकदीइतकेच वजन देतो.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या. पहिली समुद्रकिनाऱ्याजवळच्या गावातून आलेली होती. रंग नवा होता, पण चासीच्या मागच्या वळणावर लहान हातोडीने ठोकले असता खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला आणि पापुद्रे गळाले. चासी आतून गंजलेली गाडी कोणत्याही भावात घेऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण बाकी प्रत्येक भाग बदलता येतो आणि चासी बदलणे म्हणजे कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही दुसरीच गाडी करणे होय. दुसऱ्या गाडीच्या आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा तसाच होता आणि विक्रेता तो उतरवण्याचा पस्तीस नंबरचा अर्ज ‘नंतर देतो’ म्हणत होता; ती तिथेच सोडली.

तिसरी गाडी नाशिकरोडला मिळाली. नोंदणी डिसेंबर २०१२ ची, एमएच-१५ पासिंग, दुसरा मालक, ९१ हजार किलोमीटर. चासी कोरडी आणि सरळ होती, इंजिन थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू झाले, इंजिन आणि चासी क्रमांक आरसीशी जुळले. मालक हौशी होते. त्यांनी गाडी पुढून-मागून सुमारे दोन इंच उचललेली होती, २४५/७५ आर १६ मापाचे मोठे टायर रुंद रिमवर बसवलेले होते, आणि पुढे जाड नळ्यांचा लोखंडी बुलबार होता. सांगितलेला भाव पाच लाख वीस हजार होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये चार लाख साठ हजारांना व्यवहार झाला. नमुना २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय आम्ही शेवटचा हप्ता दिला नाही, आणि गाडी नावावर होण्याबरोबरच विमाही दाजींच्या नावावर करून घेतला.

तपासणीतली माझी चूक

खरेदीच्या दिवशी मी फोर-व्हील-ड्राइव्हची चाचणी घेतली ती अपुरी होती, आणि ती कशी अपुरी होती हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. मोकळ्या मैदानात मी लिव्हर ‘फोर हाय’मध्ये ओढला, डॅशबोर्डवरचा दिवा लागला, गाडी मातीतून व्यवस्थित फिरली, आणि मी समाधानी झालो. तो दिवा ट्रान्सफर केस जोडली गेली एवढेच सांगतो. पुढच्या चाकांपर्यंत जोर पोहोचण्यासाठी त्यानंतर आणखी एक जोड लागते : चाकाच्या मध्यातला हब. या गाडीत तो इंजिनाच्या निर्वात-नळीच्या खेचेने बसतो आणि सुटतो.

घाट सुरू होण्याआधीच्या एका कच्च्या रस्त्यावर, मार्चमध्ये, गाडी रिकामी असताना सुट्या मातीत अडकली. मागची दोन्ही चाके जागच्या जागी फिरत होती आणि पुढची स्तब्ध होती. गाडी पंचवटीतल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी केलेली चाचणी मी आता प्रत्येकाला शिकवतो. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून हँडब्रेक ओढायचा, गिअर न्यूट्रल ठेवून इंजिन चालू करायचे, लिव्हर ‘फोर हाय’मध्ये घ्यायचा आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहायचे. दोन्ही हब बसलेले असतील तर ते चाक फिरत नाही, कारण पुढचा प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमधून मागच्या रोखलेल्या चाकांशी जोडलेला असतो आणि दुसरे पुढचे चाक जमिनीने धरलेले असते. आमच्या गाडीचे डावे चाक उचलले तर ते फिरले आणि आतला शाफ्ट मात्र स्थिर राहिला. उजवे चाक उचलले तर तेही फिरले, पण त्याच्याबरोबर दोन्ही बाजूंचे शाफ्ट फिरले. म्हणजे उजवा हब बसत होता, डावा बसत नव्हता.

एकच हब बंद असेल तर निदान एक पुढचे चाक ओढेल, असा समज मी स्वतः बाळगून होतो. तो चुकीचा आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणाऱ्या दातेरी रचनेत, जोर नेहमी त्या बाजूला निसटतो जिथे अडथळा कमी असतो. डाव्या बाजूचा शाफ्ट मोकळा असल्यामुळे सगळे फिरणे तिकडे वाया जात होते आणि उजव्या चाकाला जवळजवळ काहीच मिळत नव्हते. कागदोपत्री चारचाकी-चालनाची असलेली ही गाडी प्रत्यक्षात दोन चाकांवरच चालत होती. कारण साधे होते : अकरा वर्षांत नळीचे रबर कडक होऊन भेगाळले होते, आणि हबमध्ये चिखलाचे पाणी जाऊन ग्रीसची वाळूमिश्रित लेई झाली होती.

पोटाखाली काय सापडले

या घटनेनंतर आम्ही बागेकडे जायचा बेत दोन महिने पुढे ढकलला आणि गाडी खालून पूर्ण उघडली.

पुढच्या डिफरन्शियलमधले तेल दुधाळ निघाले. पाण्यातून वारंवार गेलेल्या गाडीत असे होते, आणि त्यामागची क्रिया समजून घेण्यासारखी आहे. रस्त्यावर पळून गरम झालेले हौजिंग अचानक थंड पाण्यात जाते, आतली हवा आकुंचन पावते, आणि श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजलेला असेल किंवा पाण्याखाली असेल तर ती खेच ऑइल सीलच्या कडेने किंवा ब्रीदरमधूनच पाणी आत ओढते. मागच्या हौजिंगचे तेल काळे होते पण पाणी नव्हते. दोन्हीकडचे तेल बदलले, पुढचे दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलले, आणि ब्रीदरना लांब रबरी नळ्या जोडून त्यांची तोंडे बॉनेटखाली उंच जागी आणली. या कामाला तेलाखेरीज सातशे रुपयेही लागले नाहीत, आणि पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीवर ते पहिल्या आठवड्यात व्हावे असे मला वाटते.

गाडी उचलण्याचा परिणाम त्याहून गंभीर होता. या मॉडेलला पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी कांबी. त्यांच्या टोकाचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक विनाखर्च वर येते. आधीच्या कोणीतरी हेच केलेले होते. परंतु बोल्ट आवळल्याने चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही. गाडी वर आली तेवढी चाकाची खाली जाण्याची जागा संपते, त्यामुळे खड्डा आला की चाक जमीन सोडून हवेत लोंबते आणि नेमकी गरज असते तेव्हा पकड जाते. त्याच वेळी चाकाला जोर पोहोचवणारे सीव्ही जॉइंट सतत तिरक्या कोनात काम करतात. आमच्या गाडीत डाव्या जॉइंटचे रबरी बूट फाटून आत माती गेली होती आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर कटकट आवाज येत होता. मागच्या बाजूला लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी, बसवून उंची मिळवलेली होती. त्यामुळे डिफरन्शियलचे नाक फिरून प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे टोकाच्या जोडावर, वाईट कोन आला होता, आणि साठच्या वेगाला जी थरथर आम्ही टायरांची समजत होतो ती तिथून येत होती.

मिस्त्रींचे मत होते की बूट बदलून उंची तशीच ठेवावी, कारण उंच गाडीला भाव चांगला येतो. मी सहमत नव्हतो. आम्ही टॉर्शन बार मूळ उंचीवर आणले, मागे मूळ मापाचे शॅकल बसवले, एक मोडलेला पाटा आणि सगळे बुश बदलले, चारही शॉक अब्सॉर्बर नवे घातले आणि अलाइनमेंट केले. थरथर त्याच दिवशी गेली. हबच्या बाबतीत मात्र आम्ही मूळ रचना सोडली. निर्वात-नळ्यांऐवजी हाताने फिरवायचे लॉकिंग हब बसवले, ज्यात गाडीतून उतरून दोन्ही चाकांवरची चकती ‘लॉक’वर फिरवावी लागते. पावसात उतरण्याचा त्रास आहे हे खरे. पण चकती कुठे आहे ते डोळ्यांनी दिसते, आणि त्या मार्चमधला अनुभव घेतल्यावर आम्हाला दिसणारी खात्री हवी होती.

कायद्याचा भाग

बुलबार आणि मोठे टायर काढायचे का, यावर घरात दोन रविवार चर्चा झाली. भाचा महाविद्यालयात शिकतो आणि त्याला गाडी आहे तशीच आवडली होती. त्याला मी जे समजावले ते असे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बुलबारविरुद्ध कारवाई करण्याबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते, कारण अशा कठीण नळीचा फटका पादचाऱ्याला बसतो तेव्हा ती जराही दबत नाही. पेठ रस्त्यावर अंधारात डोक्यावर मोळी घेऊन चालणारी माणसे मी नेहमी पाहतो. दाजींना हा एकच मुद्दा पुरेसा झाला.

टायरांचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. मूळ २३५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर येतो आणि बसवलेल्या २४५/७५ आर १६ चा ७७४. व्यासातला फरक ३९ मिलिमीटर असला तरी धुऱ्याखालची जागा त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटरने वाढते. त्याच्या बदल्यात प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी जड होतो, स्पीडोमीटर ऐंशी दाखवत असताना गाडी चौऱ्याऐंशीने जात असते, ब्रेकना मोठे चाक थांबवावे लागते आणि वळणात टायर आतल्या पत्र्याला घासतो. दोन सेंटिमीटरसाठी एवढे देणे मला पटत नाही. मूळ मापातच ऑल-टेरेन नक्षीचे पाच नवे टायर घेतले. जुने टायर आणि रिम विकून चौतीस हजार आले.

स्नॉर्कलचा, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीचा, प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढले तर ते सिलिंडरमध्ये दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हा धोका खरा आहे. परंतु ज्या पाण्यात स्नॉर्कलची गरज भासावी ते पाणी आमच्या ओहोळात आले तर प्रवाहच गाडी उचलून फरशीवरून खाली ढकलेल. म्हणून स्नॉर्कल घेतला नाही. त्याऐवजी ओहोळाच्या अलीकडच्या काठावर एक लोखंडी खुंटी रोवून तिच्यावर ४५ सेंटिमीटरला लाल पट्टा मारला. पट्टा बुडाला की गाडी तिथेच थांबवायची.

खर्च

ताईच्या वहीप्रमाणे दुरुस्तीचा खर्च असा झाला. पुढचा धुरा, सीव्ही शाफ्ट, बेअरिंग आणि हब मिळून ३८,५०० रुपये, पाच टायर ४७,५००, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी १९,०००, पाटे, बुश, शॅकल आणि शॉक अब्सॉर्बर २१,०००, सर्व तेले, फिल्टर, कूलंट आणि रेडिएटरचे पाइप ११,५००, ब्रेक ९,०००, चासी धुऊन, खरवडून, दोन ठिकाणी वेल्डिंग करून रंगवणे १२,०००, आणि अडकलेली गाडी काढण्याचे सामान १४,५००. एकूण १,७३,०००. टायर-रिमचे चौतीस हजार वजा करून गाडी ५,९९,००० रुपयांना पडली, विमा आणि नाव-बदलीचा खर्च वेगळा. आम्ही सुरुवातीला दुरुस्तीसाठी साठ हजार धरले होते. हा अंदाज इतका चुकण्याचे कारण असे की आम्ही दिसणाऱ्या वस्तूंच्या किमती धरल्या होत्या आणि उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या गोष्टींसाठी काहीच ठेवले नव्हते.

अडकलेली गाडी काढण्याच्या सामानाबद्दल थोडे सांगतो, कारण तिथे जीव जाण्याची शक्यता असते. विंचऐवजी आम्ही १.६ टन क्षमतेचा हाताने चालवायचा टिरफोर, म्हणजे तारदोर ओढणारे यंत्र, घेतला, जो कारखान्यात यंत्रे सरकवण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे वापरत आलो. तो सावकाश ओढतो, बॅटरी संपण्याची भीती नसते, आणि पुढे-मागे दोन्हीकडे लावता येतो. त्याच्याबरोबर झाडाच्या बुंध्याला लावायचा रुंद पट्टा, क्षमता कोरलेले दोन डी-शॅकल आणि चासीला पोलादी बोल्टने जोडलेले दोन ओढ-हुक घेतले. जहाजातून वा ट्रकवरून गाडी नेताना बांधण्यासाठी असलेल्या पातळ कड्यांना टोचन लावल्यास कडी तुटून गोळीसारखी सुटते; त्या कड्यांना आम्ही लाल रंग देऊन ठेवला आहे, म्हणजे गडबडीत कोणी चुकणार नाही.

पहिला पावसाळा

जून ते ऑक्टोबर २०२४ या काळात गाडीने बागेच्या ४१ फेऱ्या केल्या. डांबर संपले की हब लॉक करायचे आणि चारही टायरांची हवा २२ पीएसआयपर्यंत उतरवायची, आणि परत येताना लहान पंपाने ती भरून हब मोकळे करून मगच डांबरावर यायचे, हा नियम दाजींनी एकदाही मोडला नाही. या गाडीत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नाही. मातीत चाके थोडी घसरून तो फरक भागवतात. डांबरावर घसरता येत नाही, वळणात सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो, आणि लिव्हर अडकून बसतो. कोरड्या रस्त्यावर ‘चार चाके म्हणजे जास्त पकड’ समजून फोर-व्हील लावणाऱ्यांची ट्रान्सफर केस फार दिवस टिकत नाही.

चिकण मातीच्या पट्ट्यात कमी हवेच्या टायरांनी चांगले काम केले. चढावर ‘फोर लो’मध्ये दुसऱ्या गिअरला गाडी माणसाच्या चालीने, पाय क्लचवर न ठेवता चढत असे, उतरताना त्याच गिअरमध्ये, ब्रेकला कमीत कमी हात लावून. पाच वेळा लाल पट्टा बुडालेला होता आणि दाजी परत फिरले. त्यांतल्या एका खेपेला खतांच्या गोण्या गावात एका घरी ठेवून ते रात्री नाशिकला आले.

गाडी तीन वेळा अडकली. एकदा खाचराच्या कडेला, आमच्याच घाईने. उरलेल्या दोन्ही वेळा चढावरच्या त्या आडव्या नाळेत, जिथे कोपऱ्यावरची दोन विरुद्ध चाके हलकी होऊन फिरत राहत. दोन्ही वेळा सागाच्या बुंध्याला पट्टा बांधून टिरफोरने पंचवीस मिनिटांत गाडी वर घेतली. यावर यंत्राचे उत्तर मागचा लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही मागची चाके एकत्र फिरवणारा, हे आहे. २०१५ च्या सुधारित थारमध्ये तो कारखान्यातूनच येत होता, आणि आमच्या गाडीत बसवून देणारेही भेटले. मिस्त्री, भाचा आणि मीही त्या बाजूने होतो. ताईने विचारले की गाडी जर दरवेळी एकाच जागी अडकते, तर ती जागा का दुरुस्त करत नाही.

ती वाट चार शेतकऱ्यांची सामाईक आहे. नोव्हेंबरमध्ये ग्रामपंचायतीत सांगून, चौघांनी मिळून नाळेत दगडी पिचिंग केले, वरच्या अंगाला पाणी बाजूला काढणारा चर खणला आणि मुरूम दाबला. दाजींच्या वाट्याला नऊ हजार रुपये आले; लॉकिंग डिफरन्शियलचा खर्च त्याच्या कित्येक पट होता. आता त्या वाटेने ट्रॅक्टरही सरळ जातो आणि पलीकडच्या पाड्यावरची मुले शाळेला जाताना तिथे घसरत नाहीत. हा उपाय माझ्या डोक्यात आला नाही याची नोंद मी मुद्दाम करत आहे, कारण यंत्रावर प्रेम करणारी माणसे प्रत्येक प्रश्न यंत्रानेच सोडवू पाहतात.

याच ओघात हौसेच्या ऑफ-रोडिंगबद्दल एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. जुलैमध्ये, आवणी चालू असताना, शहरातून आलेल्या काही गाड्या त्या चिकण पट्ट्यात चिखल उडवायला म्हणून खाचरात उतरल्या होत्या. भाताच्या खाचराचा बांध एकदा चाकाने फोडला की पाणी उतरते, नुकतीच लावलेली रोपे उघडी पडतात, आणि चाकाच्या चाकोरीतून वाहणारे पाणी खालच्या खाचराची मातीही घेऊन जाते. ज्या कुटुंबाचे वर्षाचे धान्य त्या दोन खाचरांवर अवलंबून आहे त्याचे नुकसान कोणत्याही मौजेपेक्षा मोठे आहे. भाच्याने त्या दिवशी दाजींबरोबर बांध घालायला दुपारभर मदत केली, आणि नंतर स्वतःहून ठरवले की गाडी शिकायची ती बागेच्या वाटेवर आणि मालकाने परवानगी दिलेल्या पडीक माळावर; वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचे नाही.

आजची स्थिती

मार्च २०२५ मध्ये दोन्ही पुढचे हब उघडून पाहिले. ग्रीस स्वच्छ होते. पुढच्या डिफरन्शियलचे तेलही स्वच्छ निघाले, म्हणजे ब्रीदरच्या नळ्यांनी काम केले. मागच्या ड्रमांमध्ये मात्र वाळलेल्या चिखलाचा जाड थर होता आणि लायनिंग एका बाजूने झिजली होती, म्हणून आता पावसाळ्यात दर महिन्याला ड्रम उघडून धुण्याचे ठरवले आहे. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना दर पाच फेऱ्यांनी ग्रीस मारले जाते. मागच्या डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांचा हलका आवाज साठच्या पुढे ऐकू येतो. मिस्त्री म्हणतात की तो दोन वर्षे असाच राहील, मी दर तीन महिन्यांनी तेलाच्या प्लगवरचा लोखंडी चुरा पाहून त्याची नोंद ठेवतो आहे. उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवून घेतली आहे. नोंदणीची पंधरा वर्षे डिसेंबर २०२७ मध्ये पूर्ण होतील आणि गाडी पासिंगला न्यावी लागेल. आरसीत जे लिहिले आहे तेच गाडीवर असल्यामुळे तिथे काढण्यासारखे काही उरलेले नाही. त्याआधी, येत्या मे महिन्यात, मागच्या हौद्याच्या खालची चासी पुन्हा खरवडून रंगवायची आहे, कारण खतांच्या गोण्यांमधून सांडलेला युरिया तिथे साचतो आणि गंजाची सुरुवात त्या कोपऱ्यात दिसू लागली आहे.